आजारी माणसावरून देवाची प्रीती उठत नाही

गेले काही आठवडे ख्रिस्ती ग्रुपांमधून एक संदेश फिरतो आहे. ‘देवाची प्रीती तुमच्यावरून उठली आहे का? ओळखा या सात खुणांवरून.’ वर क्रूसाचं चित्र, खाली सात मुद्दे, प्रत्येक मुद्द्यापुढे एक वचन आणि शेवटी ‘दहा विश्वासी बंधुभगिनींना पाठवा’. असे संदेश मी एरवी न वाचताच काढून टाकते. हा वाचावा लागला, कारण तो माझ्या आत्याकडे पोचला. आत्याला कर्करोग आहे, केमोथेरपी चालू आहे. पाठवणाऱ्या बाईंनी वर लिहिलं होतं, ‘तुमच्यासाठी मनावर ओझं आलं म्हणून पाठवते.’ आत्याने तो वाचला आणि मला फोन करून विचारलं, “माझं काय चुकलं असेल गं?” थोड्या वेळाने म्हणाली, “पुढची केमो जरा लांबवली तर? आधी उपास करून बघते.”

त्या दुसऱ्या वाक्यानंतर गप्प बसणं मला शक्य नाही.

संदेशातल्या सात खुणा अशा: बरा न होणारा आजार, मनात भीती आणि चिंता, प्रार्थनेत आनंद न वाटणं, घरात अशांती, पैशाची तंगी, ‘बाहेरच्या’ लोकांच्या सेवेत वेळ घालवणं, आणि आज्ञा मोडणं. यांतली एक जरी खूण दिसली तरी देवाने आपली प्रीती काढून घेतली आहे असं समजावं, चाळीस दिवस उपास-प्रार्थना करून ती परत मिळवावी. आणि पहिल्या मुद्द्याखाली हे वाक्य आहे, जसंच्या तसं देते: ‘औषधाचा आधार घेणारा हात देवाचा हात धरू शकत नाही.’

माथ्यावर वचन दिलंय योहानाच्या पहिल्या पत्रातलं, चौथ्या अध्यायातलं अठरावं: पूर्ण प्रीती भीती घालवून देते. तेही अर्धंच. लिहिणाऱ्याने तो अध्याय निवडला हे एका अर्थी बरं झालं, कारण तो पूर्ण वाचला तर या संदेशाला उभं राहायला जागा उरत नाही. एकवीस वचनांचा अध्याय आहे, वाचायला पाच मिनिटं लागतात. ‘देव प्रीती आहे’ हे वाक्य त्यात दोनदा येतं, आठव्या आणि सोळाव्या वचनात. आणि दहाव्या वचनात योहान सांगतो की प्रीती कशात आहे: आपण देवावर प्रीती केली यात ती नाही, त्याने आपल्यावर प्रीती केली आणि आपल्या पापांसाठी पुत्राला पाठवलं यात ती आहे. एकोणिसाव्यात पुन्हा तेच: त्याने आधी प्रीती केली म्हणून आपण करतो.

ख्रिस्ती जीवन या क्रमावर उभं आहे. आधी देवाची प्रीती, मग आपली प्रार्थना, आपलं आज्ञापालन, आपली सेवा, आपला उपास. हे सगळं त्या प्रीतीतून निघतं. या गोष्टी देऊन ती विकत घेता येत नाही, त्यामुळे हप्ता चुकला म्हणून ती कुणी काढूनही नेत नाही. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. म्हणजे ज्या वेळी आपल्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, त्या वेळी. सात खुणांच्या संदेशाने हा क्रम उलटा केला आहे. बाकीच्या सगळ्या चुका या एका उलटापालटीतून आल्या आहेत.

आता खुणा.

पहिली खूण: बरा न होणारा आजार

बेथानीत लाजर आजारी पडला तेव्हा त्याच्या बहिणींनी, मार्था आणि मरिया यांनी, येशूला निरोप पाठवला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायाचं तिसरं वचन: प्रभूजी, ज्याच्यावर तुम्ही प्रीती करता तो आजारी आहे. निरोप एवढाच. त्या बहिणींना प्रीती आणि आजार एका वाक्यात बसवताना अडचण आली नाही. ‘तो आजारी आहे, तर तुमची प्रीती उठली का?’ असं त्यांनी विचारलं नाही. आणि पुढची पाचवं आणि सहावं ही दोन वचनं तर आणखी अवघड आहेत. येशूची मार्थेवर, तिच्या बहिणीवर आणि लाजरावर प्रीती होती असं योहान मुद्दाम सांगतो आणि लगेच सांगतो की निरोप मिळाल्यावरही येशू आणखी दोन दिवस होता तिथेच राहिला. लाजर मेला. तो उशीर का, हा प्रश्न मार्था आणि मरिया दोघींनीही नंतर त्याच्या तोंडावर केला: प्रभूजी, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. येशूने त्यांना झापलं नाही. मरिया रडत होती ते पाहून तोही रडला.

हा प्रसंग माहीत असलेला माणूस आजारपणाला प्रीती उठल्याची खूण कशी म्हणू शकतो, हे मला खरंच कळत नाही.

दुसरा प्रसंग त्याच शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला. जन्मापासून आंधळा असलेला माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? अगदी हाच संदेश, दोन हजार वर्षांपूर्वीचा. येशूचं उत्तर: याचंही नाही, याच्या आईबापांचंही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचा विषय निघतो. ते काय यरुशलेमेतल्या इतर सगळ्यांपेक्षा जास्त दोषी होते का? नाही, असं येशू सांगतो आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. म्हणजे दुसऱ्याच्या संकटावरून त्याचा हिशोब मांडायला निघालेल्यांना तो स्वतःचा हिशोब बघायला लावतो. ईयोबाच्या तीन मित्रांनी हेच केलं होतं. जवळजवळ पस्तीस अध्याय चाललेल्या वादात ते आणि नंतर आलेला चौथा मिळून एका रोगी, मुलं गमावलेल्या माणसाला समजावत होते की तुझं काहीतरी चुकलं असणार. शेवटच्या अध्यायात देव अलीफजाला म्हणतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर माझा राग भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जे योग्य ते बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाचा राग कुणावर झाला, हे नीट वाचावं. रोग्यावर झालेला नाही.

आता संदेशाने दिलेलं वचन. इब्री लोकांस पत्र, बारावा अध्याय: ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो. वचन खरं आहे, नीतिसूत्रांतून घेतलेलं आहे, आणि ते मला गिळून टाकता येणार नाही. पण त्यात प्रीती उठल्याचं कुठे आहे? ते तर उलट म्हणतं की शिस्त लावणं हे मुलगा मानल्याचं लक्षण आहे. आणि हे पत्र कुणाला आहे? विश्वासासाठी छळ सोसणाऱ्यांना, ज्यांची मालमत्ता लुटली गेली होती अशांना. त्याच अध्यायात थोडं पुढे लेखक सांगतो की गळालेले हात आणि लटपटणारे गुडघे सावरा. थकलेल्या माणसाला धीर देण्यासाठी लिहिलेलं वाक्य त्याच माणसाच्या छातीवर धोंड्यासारखं ठेवायचं, याला शास्त्र शिकवणं म्हणत नाहीत.

आणखी एक अर्धसत्य मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. पाप आणि आजार यांचा शास्त्रात कधीच संबंध येत नाही असं म्हणता येणार नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल म्हणतो की तुमच्यात पुष्कळ जण दुर्बळ आणि रोगी आहेत, आणि त्याचा संबंध तो प्रभुभोजनाच्या अपमानाशी जोडतो. पण तो अपमान कसला होता? खाऊनपिऊन सुखी असलेले आधीच जेवून घेत होते आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहून लाजत होते. पौल हे त्या मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, संस्थापकाच्या नात्याने, अख्ख्या मंडळीला, तिच्या डोळ्यांसमोर घडणाऱ्या अन्यायाबद्दल सांगतो आहे. आजारी माणूस दिसला की त्याचं पाप शोधा, असा अधिकार त्याने कुणाला दिलेला नाही. त्याचे स्वतःचे सोबती आजारी पडतच होते. एपफ्रदीत मरता मरता वाचला, त्रफिमाला मिलेतात आजारी सोडून पौलाला पुढे जावं लागलं, तीमथ्य वारंवार दुखण्याने बेजार असे. खुद्द पौलाच्या शरीरात एक ‘काटा’ होता, तो काढावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ हे उत्तर मिळालं. प्रीती उठलेल्या माणसाला कुणी असं उत्तर देतं का?

पुढच्या इतिहासाचंही सांगते. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमन साम्राज्यात भयंकर साथ आली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याचं त्या काळातलं एक पत्र इतिहासकार युसेबियसने जपून ठेवलं आहे. घरची माणसं रोग्यांना रस्त्यावर टाकत असताना ख्रिस्ती लोक त्यांची शुश्रूषा करत होते, आणि त्यात मंडळीचे वडील म्हणजे पुढारी, डीकन म्हणजे सेवक, साधे विश्वासी असे कितीतरी जण संसर्गाने मेले, असं तो लिहितो. त्यांचं मरण तो रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेल्यांच्या, मरणाच्या तोडीचं मानतो. सात खुणांचा हिशोब लावला तर ही सगळी माणसं देवाने टाकलेली ठरतात.

१३७३ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या नॉर्विचची ज्युलियन वयाच्या तिसाव्या वर्षी मरणपंथाला लागली होती. शेवटचे संस्कारही झाले होते. त्या खाटेवर तिला ख्रिस्ताचं दर्शन झालं, आणि त्याचा अर्थ काय यावर ती वर्षानुवर्षं विचार करत राहिली. तिला मिळालेलं उत्तर हे होतं की प्रीती हाच त्याचा अर्थ. आजारपणातच.

आणि मराठी ख्रिस्ती माणसाला पंडिता रमाबाईंची आठवण करून द्यावी लागावी याचं वाईट वाटतं. १८८३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या, दुष्काळातल्या आणि टाकलेल्या बायकामुलींसाठी उभं आयुष्य वेचलेल्या रमाबाई. शेवटी शेवटी त्यांना ऐकू येईनासं झालं. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. त्यानंतर वर्षही पुरं झालं नाही तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. तोवर बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांच्या हातात होतं. पहिल्या खुणेचं माप त्यांना लावून बघण्याची हिंमत संदेश लिहिणाऱ्याने करावी.

औषधाबद्दल

हा मुद्दा मी वेगळा काढते, कारण यात माणूस मरू शकतो. संदेशाने पुरावा म्हणून आसा राजाचं नाव दिलं आहे. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे ते: आसाच्या पायांना मोठा रोग झाला, तरी त्याने परमेश्वराचा धावा केला नाही, वैद्यांचा केला. वचन आहे, नाकारत नाही. पण अध्याय वरून वाचा. मंदिरातलं सोनंचांदी काढून अरामाच्या राजाला देणं, त्याबद्दल बोलणाऱ्या हनानी द्रष्ट्याला तुरुंगात टाकणं, लोकांवर जुलूम करणं, एवढं सगळं करून झाल्यावर हा राजा शेवटपर्यंत देवाकडे वळला नाही, ही तक्रार आहे. वैद्य बोलावला हा त्याचा गुन्हा असता, तर पौलाने कलस्सैकरांस लिहिताना लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हटलं नसतं. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं नसतं. त्या काळी ते औषधच होतं. येशूच्या दाखल्यातल्या शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, त्याला उतारशाळेत नेलं आणि मालकाला दोन दिनार दिले. नुसती प्रार्थना करून तो पुढे गेला असता तर येशूने त्याला उदाहरण म्हणून दाखवलं असतं का? कॅथलिक वाचकांसाठी आणखी एक: सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय. वैद्याचा मान राख, त्यालाही प्रभूनेच निर्माण केलं आहे, आणि प्रभूने जमिनीतून औषधं उगवली आहेत, शहाणा माणूस ती तुच्छ मानत नाही. तोच अध्याय आजारी माणसाला प्रार्थना करायलाही सांगतो. दोन्ही एकत्र. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करण्याची आज्ञा आहे, तीही औषध बंद करा असं म्हणत नाही. माझा प्रार्थनेवर पूर्ण विश्वास आहे. देव बरं करतो यावरही आहे. म्हणूनच प्रार्थनेच्या नावाखाली कुणाची केमो लांबवायला लावणं मला सहन होत नाही.

दुसरी खूण: भीती आणि चिंता

इथे माथ्यावरचं वचन कामाला लावलंय. पूर्ण प्रीती भीती घालवून देते. तुम्हाला भीती वाटते. म्हणजे तुमच्यात देवाची प्रीती नाही. वरवर बरोबर वाटतं.

पण अठराव्या वचनाआधी सतरावं आहे. न्यायाच्या दिवशी आपल्याला धैर्य असावं म्हणून प्रीती आपल्यात पूर्ण झाली आहे, असं तिथे लिहिलंय. अठराव्यातच पुढे आहे की भीतीत शासन असतं. योहान बोलतो आहे ती भीती देव मला फेकून देईल या धास्तीची आहे. स्कॅनच्या रिपोर्टची, सुईची, मुलांचं कसं होईल याची भीती हा तिथे विषयच नाही. आता या संदेशाकडे बघा: देव तुला फेकून देईल ही धास्ती घालवायला लिहिलेलं वचन वापरून तो नेमकी तीच धास्ती घालतो आहे. या अख्ख्या प्रकारात मला सर्वांत जास्त चीड याची येते.

आणि साधी माणसाची भीती? गेथशेमाने बागेत येशू अतिशय अस्वस्थ आणि कष्टी झाला, ‘माझा जीव मरणाइतका दुःखी झाला आहे’ असं त्याने शिष्यांना सांगितलं, हे मार्कने लिहून ठेवलंय. पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात कबूल करतो की बाहेर भांडणं होती आणि आत भीती. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने घाबरून रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला की आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला खुणा मोजून दाखवल्या नाहीत. तो झोपला. दूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवून म्हटलं, खा, वाट लांबची आहे. उपदेश त्याच्या नंतर, आणि तोही हळू आवाजात. चिंतेने ज्यांची झोप उडाली आहे त्यांनी पहिल्या राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचावा, आणि गरज पडली तर डॉक्टरकडेही जावं.

तिसरी आणि पाचवी खूण

ही दोन पटकन घेते. प्रार्थनेत आनंद न वाटणं ही प्रीती उठल्याची खूण असेल तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र बायबलमधून काढून टाकावं लागेल. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी कसलाही दिलासा नाही, तरी ते प्रार्थना म्हणून शास्त्रात ठेवलंय. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की आयुष्याची कितीतरी दशकं त्यांना प्रार्थनेत देव जवळ असल्याचं जाणवलंच नव्हतं. त्या प्रार्थना करत राहिल्या आणि रोज उठून मरणाऱ्यांजवळ जात राहिल्या.

पैशाच्या तंगीबद्दल: मनुष्याच्या पुत्राला, म्हणजे येशूला, डोकं टेकायला ठिकाण नव्हतं. विधवेने दोन दमड्या टाकल्या. मासेदोनियातल्या मंडळ्या कमालीच्या गरिबीत होत्या, आणि त्यांच्याच औदार्याचं पौल कौतुक करतो. दशांशासाठी, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्यासाठी, मलाखीचा तिसरा अध्याय दाखवणाऱ्यांनी त्याच अध्यायाचं पाचवं वचनही दाखवावं, जिथे मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध आणि विधवा-अनाथांना छळणाऱ्यांविरुद्ध देव साक्ष देतो. ते कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही.

चौथी खूण: घरातली अशांती

इथे वचन दिलंय करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातलं: प्रीती सर्व काही सहन करते. अर्थ काढलाय की घरात भांडण असेल तर घरातल्या बाईने सहन करायला शिकावं, म्हणजे देवाची प्रीती घरात परत येईल. ‘बाईने’ हे स्पष्ट लिहिलंय. नवऱ्याला उद्देशून एक ओळ नाही.

हा अध्याय लग्नांमध्ये वाचतात, त्यामुळे तो नवराबायकोबद्दल आहे असं अनेकांना वाटतं. पौलाने तो लिहिला कृपादानांवरून, म्हणजे पवित्र आत्म्याच्या देणग्यांवरून, भांडणाऱ्या मंडळीला, बाराव्या आणि चौदाव्या अध्यायांच्या मधोमध. जे स्वतःला मोठे समजत होते, ज्यांना इतरांची गरज वाटत नव्हती, त्यांना तो सांगत होता की प्रीती फुगत नाही, गैरवर्तन करत नाही, स्वार्थ बघत नाही. हे बळ असलेल्यांसाठी लिहिलेलं आहे. सातव्या वचनाच्या आधी सहावं आहे: प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्याबद्दल आनंद मानते. मार खाऊन गप्प बसणं आणि शेजाऱ्यांना ‘जिन्यावरून पडले’ सांगणं हे सत्याबद्दल आनंद मानणं नव्हे. आणि याच पत्राच्या पाचव्या अध्यायात एका माणसाच्या उघड दुराचाराबद्दल पौल काय सांगतो? सहन करा? नाही, त्याला तुमच्यातून काढून टाका असं सांगतो. त्याच लेखणीने, त्याच पत्रात. येशूनेही शिष्यांना सांगितलं होतं की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा. इफिसकरांस पत्रात नवऱ्यांना आज्ञा आहे की ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती करून स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती करा. घरातल्या प्रीतीचा जाब तिथे नवऱ्याला विचारला आहे.

मारहाण होत असेल तर त्या बाईने सुरक्षित ठिकाणी जावं, आपल्या माणसांना सांगावं, पोलिसांकडे जावं. असं केल्याने तिच्यावरची देवाची प्रीती तसूभरही कमी होत नाही.

सहावी खूण: ‘बाहेरच्यां’ची सेवा

लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की प्रीती आधी विश्वासी बांधवांवर, बाहेरच्यांत वेळ घालवणारा हळूहळू देवापासून तुटतो. आधार पुन्हा योहानाचं चौथ्या अध्यायातलंच, विसाव्या वचनातलं ‘बंधू’. दिसणाऱ्या बंधूवर जो प्रीती करत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येत नाही. इथे एक गोष्ट मान्य करायला हवी: योहानाच्या पत्रात बंधू म्हणजे प्रामुख्याने सहविश्वासीच. ते पत्र फुटलेल्या मंडळीला लिहिलेलं आहे, आणि गलतीकरांस पत्रातही ‘विशेषेकरून विश्वासाच्या घराण्यातल्यांचं’ बरं करा असं आहे.

पण त्या गलतीकरांच्या वचनाचा पहिला भाग ‘सर्वांचं बरं करा’ असा आहे, आणि येशू तर शत्रूंवर प्रीती करा म्हणतो, कारण स्वर्गातला पिता दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच सूर्य उगवतो. ही गोष्ट ख्रिस्ती लोकांच्या विरोधकांनाही दिसली होती. रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परत गेलेला, त्याला ख्रिस्ती लोक आवडत नव्हते. ३६२ साली गलतियाच्या मुख्य पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात त्याने तक्रार केली की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती लोक) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपले लोक मात्र आपल्याकडून मदतीला मुकतात, ही लाजेची गोष्ट आहे. शत्रूने दिलेलं हे प्रशस्तिपत्र संदेशवाल्याच्या मते प्रीती उठल्याची खूण आहे.

सातवी खूण: आज्ञा मोडणं

ही एकच खूण अशी आहे की जिच्यावर मला थांबून विचार करावा लागला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायाच्या दहाव्या वचनात येशू स्वतः म्हणतो की माझ्या आज्ञा पाळाल तर माझ्या प्रीतीत राहाल. हे पुसता येत नाही, पुसूही नये. देवाची प्रीती आहे म्हणून कसंही वागावं, असं मी म्हणत नाही. पौलाला हाच प्रश्न विचारला गेला तेव्हा त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ असं होतं. जाणूनबुजून पाप करत राहणारा माणूस त्या प्रीतीकडे पाठ फिरवतो, तिच्या सुखाला मुकतो.

पण पाठ कोण फिरवतो ते बघा. दहाव्या वचनाआधी नववं आहे: पित्याने माझ्यावर प्रीती केली तशी मी तुमच्यावर केली आहे, माझ्या प्रीतीत राहा. केलेली आहे. आपण तिच्यात राहायचं आहे, ती मिळवायची नाही. आणि ती आज्ञा कुठली, हेही बाराव्या वचनात सांगितलंय: मी तुमच्यावर केली तशी एकमेकांवर प्रीती करा. होशेयाच्या अकराव्या अध्यायात आज्ञा मोडून दुसऱ्या देवांमागे गेलेल्या लोकांबद्दल देव बोलतो. मी त्यांना चालायला शिकवलं, त्यांना हातांवर घेतलं, आणि मग: एफ्राइमा (म्हणजे इस्राएला), मी तुला कसा सोडू? शिक्षेची भाषा त्या पुस्तकात भरपूर आहे, मी ती लपवत नाही. पण सोडून दिल्याची भाषा देवाच्याच तोंडात अडकते.

पेत्राने तर एका रात्रीत तीनदा सांगितलं की हा माणूस मला माहीत नाही. पुनरुत्थानानंतर येशूने तिबिर्या समुद्राच्या काठी कोळशाचा विस्तव पेटवला, मासे भाजले, शिष्यांना आधी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर पेत्राला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि तीनही वेळा त्याच्या हाती मेंढरं सोपवली. चाळीस दिवसांचा उपास आधी करून ये, असं म्हटलं नाही.

ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला त्यांच्यातल्या बहुतेकांनी तो चांगल्या मनाने पाठवला असेल, हे मला ठाऊक आहे. तरी एक काम त्यांनी करावं. नुसता संदेश काढून टाकून भागणार नाही, कारण तो वाचून झालेला असतो. ज्या ज्या आजारी माणसाला तो पाठवला त्याला फोन करावा, तो संदेश चुकीचा होता असं स्पष्ट सांगावं, आणि डॉक्टरने दिलेली एकही तारीख, एकही गोळी चुकवू नका म्हणून सांगावं. मग त्याच्यासाठी प्रार्थना करावी, शक्य असेल तर त्याच्यासोबत दवाखान्यात जाऊन बसावं.